बाळाला घेऊन बालीला: जायफळ नको, कारसीट घ्या

पत्र: आम्ही सिंहगड रस्त्यावर राहतो. दिवाळीच्या सुट्टीत नऊ दिवस बालीला जायचा विचार आहे, अजून दोन महिने हातात आहेत. मुंबईहून सिंगापूरमार्गे विमान. मुलगी सव्वाचार वर्षांची, वजन १६ किलो. मुलगा आत्ता आठ महिन्यांचा, जाताना दहा पूर्ण होतील. सासूबाई बरोबर आहेत. खाण्यापिण्याचं कसं करायचं, कोणती औषधं न्यायची, लस घ्यावी लागते का, डेंग्यूची भीती किती? बाळ विमानात झोपावं म्हणून काही देता येईल का? सासूबाई म्हणतात, जायफळ उगाळून देऊ. तिथे तरणतलाव असलेला बंगला घेतोय, फिरायला स्कूटर घेऊ, मुलीला माकडांचं जंगलही दाखवायचंय. की मुलं मोठी होईपर्यंत थांबावं?
एक आई, पुणे

नमस्कार.

थांबू नका, जा. दोन महिने आधी विचारलंत हे उत्तम झालं. दोन आठवडे आधी विचारलं असतंत तर निम्म्या गोष्टी करता आल्या नसत्या.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली. जंतूंबद्दल भरपूर प्रश्न आहेत. तरणतलाव आणि स्कूटर मात्र जाता जाता, आनंदाची बाब म्हणून आलेत. प्रवासाला गेलेल्या मुलांच्या जिवावर बेततं ते आधी रस्त्यावर आणि त्याखालोखाल पाण्यात. जुलाबांनी सहल नासते, पण पोटात वेळेवर पाणी आणि क्षार जात राहिले तर मूल सावरतं. तेव्हा तुमचा क्रम उलटा करून सुरुवात करतो.

स्कूटर घेऊ नका. पुण्यात मुलगी पुढे उभी, बाळ मागे मांडीवर, अशी चौघांची सवारी रोज दिसते, म्हणून हे ठासून सांगावं लागतं. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालकाशी जोडणारा पट्टा आणि नऊ महिन्यांपुढे हेल्मेटही सक्तीचं आहे, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. पाळतं कोण, हा वेगळा विषय. बालीतही वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे आपल्याला उगाच धीर येतो. रस्ते मात्र अरुंद, वळणांचे आणि स्कूटरींनी भरलेले असतात. शिवाय दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

त्याऐवजी चालकासह गाडी दिवसाच्या बोलीवर ठरवा, बालीत ती सहज मिळते. दोन्ही मुलांच्या सीट मात्र घरून न्या. भाड्यानं मिळतात, पण पट्टे झिजलेली किंवा अपघातातून गेलेली सीट बाहेरून ओळखता येत नाही. बऱ्याच विमान कंपन्या मुलाची कारसीट सामानात वेगळे पैसे न घेता नेतात. तिकीट काढताना तेवढं विचारून घ्या. मुलाची सीट मागे तोंड करून बसणारी हवी. नव्या युरोपीय मानकात, म्हणजे आर-१२९ मध्ये, किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागेच तोंड ठेवायला सांगितलंय, कारण या वयात डोकं जड आणि मान कच्ची असते. समोरून धडक बसली तर पुढे तोंड केलेल्या बाळाची मान एकटी तो झटका झेलते. मागे तोंड असेल तर तो सगळ्या पाठीवर वाटला जातो. मुलीला पुढे तोंड असलेली, स्वतःचे पट्टे असलेली सीट.

बसवताना हमखास दोन चुका होतात. सीट सैल राहते आणि पट्टे सैल राहतात. गाडीचा पट्टा सीटमधून जिथून जातो तिथे हात धरून हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली तर गुडघा दाबून पुन्हा आवळा. मग मुलाच्या खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटा काढून पाहा. पट्टा चिमटीत आला तर तोही सैल. पुढच्या एअरबॅगसमोर मागे तोंडाची सीट कधीच लावायची नाही. टॅक्सीत मागचे पट्टे असतात, पण बकल बरेचदा सीटकव्हरखाली दडपलेले असतात. म्हणून गाडी ठरवतानाच चालकाकडून मागच्या सीटचा, बकल दिसतील असा फोटो मागवा. फोटो आला नाही तर दुसरा चालक बघा.

या सगळ्याची पहिली परीक्षा बालीत नाही, तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच आहे. द्रुतगती मार्गानं मुंबईच्या विमानतळापर्यंतचे तीन-चार तास हा या सहलीतला सर्वांत लांब रस्ता असण्याची शक्यता आहे, आणि नेमका तिथेच आपण ‘आपलाच रस्ता आहे’ म्हणून बाळाला मांडीवर घेतो. अचानक ब्रेक लागला तर नऊ किलोचं बाळ कुणाच्याही हातात राहत नाही. आपला पट्टा बाळाभोवतीही गुंडाळला तर आपल्याच वजनाखाली ते दाबलं जातं. साधारण दोन तासांनी थांबून त्याला सीटमधून बाहेर काढा, हातपाय मोकळे होऊ द्या. मुलीला घाटात मळमळतं का, तेही याच वेळी कळेल. तिला भरल्या पोटी बसवू नका, मोबाइल देऊ नका, समोर लांबवर बघायला लावा.

आता तो बंगला. बाळ रांगणारं, मुलगी धावणारी आणि दाराबाहेर चार पावलांवर पाणी: आम्ही असा बंगला घेतला नसता. शक्य असेल तर सामाईक तलावाचं हॉटेल घ्या आणि तलावापासून लांबची खोली मागा. बंगलाच घ्यायचा असेल तर तलावाभोवती कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक आहे का, हे फोटोसकट विचारा. ‘आम्ही लक्ष ठेवू’ हे कुंपण नव्हे. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हात हलवत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाज फुटायला हवाच उरत नाही. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून माणूस नेमा: पंधरा मिनिटं एकाची पाळी, फोन खाली, गप्पा बंद, मूल हाताच्या अंतरावर. पाळी संपली की तोंडानं सांगून दुसऱ्याकडे द्यायची. दंडाला घालायचे फुगवायचे पट्टे आणि रबरी रिंगा ही खेळणी आहेत. निसटतात, उलटतात आणि मोठ्यांना निर्धास्त करतात, तेच जास्त वाईट. अंगाला नीट बसणारं, दोन पायांमधून पट्टा जाणारं लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचं इथूनच न्या. खेळ संपला की रिंगा, चेंडू पाण्यातून काढून ठेवा, नाहीतर मूल त्यांच्यासाठी परत जातं. तलावाच्या तळाशी पाणी ओढणारी जाळी असते. मुलीचे केस बांधून ठेवा आणि त्या जाळीजवळ बसू देऊ नका. समुद्रावर लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातसुद्धा नाही.

जायच्या आधी तुम्ही आणि यजमान दोघांनीही लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण घ्या. बुडालेल्या मुलाला आधी श्वास द्यायचे असतात आणि मग छातीवर दाब. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवायचा नसतो. हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

माकडांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे चूक झाली तर दुसरी संधी नसते. बालीत २००८ पासून कुत्र्यांमध्ये रेबीज आहे. उबूदचं माकडांचं जंगल असो की उलुवातूचं मंदिर, तिथली माकडं माणसाला सरावलेली आहेत. चष्मा, बाटली, हातातलं बिस्कीट हिसकावतात, आणि मूल हात मागे घेतं तेव्हा ओरखडा उठतो. सव्वाचार वर्षांच्या मुलीचा चेहरा माकडाच्या आणि कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. चेहऱ्यावरचा चावा मेंदूच्या जवळ, म्हणून जास्त धोक्याचा. आमचा सल्ला: हे ठिकाण यादीतून काढा. माकडं सिंहगडावरही दिसतात. मुलीला आत्तापासून एकच गोष्ट शिकवा: प्राण्यानं चावलं, ओरबाडलं, जखमेवर चाटलं तर लगेच सांगायचं, आणि सांगितल्यावर कोणीही रागावणार नाही. मुलं मार बसेल म्हणून लपवतात आणि तिथेच घात होतो.

तरीही काही झालंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, बहुतेक जण दोन मिनिटांत थांबतात. मग पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावा. हळद, चुना, तिखट, तेल यांतलं काहीही लावायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) टोचावं लागतं. ते सगळीकडे मिळत नाही, प्रसंगी त्यासाठी दुसऱ्या शहरात जावं लागतं. मुलांना आधीच रेबीजची लस दिलेली असेल तर नंतर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, लसीचे दोन डोस पुरतात: पहिला त्याच दिवशी, दुसरा तिसऱ्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ पासून या पूर्वलसीकरणाचे दोनच डोस सांगितलेत, एक आज आणि एक सातव्या दिवशी. आपल्याकडे बरेच डॉक्टर तिसरा डोस २१व्या किंवा २८व्या दिवशी देतात. मुलीसाठी हे जरूर विचारा, तुमच्याकडे वेळ आहे.

लसींचं बोलतोच आहोत तर बाकीचंही. याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे दोघांची लसीकरणाची कार्डं घेऊन जा. मुलाचा नवव्या महिन्यातला गोवराचा डोस तुमच्या प्रवासाच्या आधीच येतोय. तो ‘सहलीहून आल्यावर देऊ’ म्हणून पुढे ढकलू नका. हा डोस दिल्यावर ताप आला तर तो सहसा सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, त्यामुळे निघण्याच्या निदान दोन-तीन आठवडे आधी द्या. फ्लूची लस सहा महिन्यांनंतर चालते, पण पहिल्यांदाच देताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात. पहिला आत्ताच दिला तरच दुसरा बसतो. टायफॉइडची संयुग्म (कॉन्ज्युगेट) लस सहा महिन्यांनंतर देता येते. हिपॅटायटिस ‘ए’ची वर्षानंतर, म्हणजे मुलाला नाही, मुलीला राहिली असेल तर द्या. चार ते सहा वर्षांतले तिचे बूस्टरही बघून घ्या. बालीच्या पर्यटकांच्या भागात मलेरियाच्या गोळ्या लागत नाहीत. बेत वाढवून दुसऱ्या बेटांवर जाणार असाल तर तेवढं डॉक्टरांना सांगा.

आता जायफळ. सासूबाईंच्या पिढीनं ते मायेनंच दिलं, पण उगाळलेल्या जायफळातून बाळाच्या पोटात किती गेलं हे कुणालाच मोजता येत नाही. जास्त गेलं तर उलट्या होतात, ठोके वाढतात, गुंगी येते किंवा उलट बाळ बेचैन होतं. दहा हजार मीटर उंचीवर ते नुसतं रडतंय की बिघडलंय, हे ओळखायचं कसं? गुटी मधातून चाटवत असाल तर तीही बंद. वर्षाखालच्या बाळाला मध नाहीच, घरीही नाही. मधातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे या वयात बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकते. औषधाच्या दुकानातून सर्दीचं ‘झोप आणणारं’ औषध आणण्याचा मोहही टाळा. त्यातल्या काही औषधांनी काही मुलं झोपण्याऐवजी पिसाळल्यासारखी होतात, आणि अगदी लहानांचा श्वास मंदावू शकतो. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखाली देऊ नये, असं आपल्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलंय. खोकल्याच्या सिरपांबद्दल ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राची सूचना आली: दोन वर्षांखाली नाहीच, पाच वर्षांखालीही शक्यतो नाही.

झोपेसाठी काय करायचं, तर रात्रीचं विमान घ्या आणि पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा तिकिटाबरोबरच मागा. पाळणे मोजकेच असतात आणि त्यांना वजनाची मर्यादा असते, बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलोच्या आसपास. तुमचं बाळ बसेल, पण नेमका आकडा विचारा. पट्टे लावायचा दिवा लागला की बाळाला पाळण्यातून काढून मांडीवर, आपल्या पट्ट्याला जोडायच्या छोट्या पट्ट्यात घ्यायचं असतं, झोपलेलं असलं तरी. सासूबाईंची रोजच्या वासाची मऊ गोधडी बरोबर घ्या, ती जायफळापेक्षा कामाची आहे.

कानाचं दुखणं चढताना कमी, उतरताना जास्त. विमान टेकायच्या साधारण अर्धा तास आधीपासून खाली येऊ लागतं, खरा त्रास तेव्हा. लोक चाकं टेकताना बाळाला पाजतात, तोवर उशीर झालेला असतो. उतरण सुरू झाल्याची घोषणा झाली की दोघांना उठवा, बाळाला अंगावर पाजा, मुलीला स्ट्रॉनं घोट घोट पाणी द्या. झोपेत गिळणं कमी होतं, म्हणून उठवायचं. नाक चोंदलं असेल तर त्याआधी मिठाच्या पाण्याचे थेंब टाका. कान दुखत असेल किंवा वाहत असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय विमानात बसवू नका. बाळाचं दूध आणि खाणं १०० मिलिलिटरच्या नियमातून वगळलेलं असतं, तपासणीच्या वेळी वेगळं काढून दाखवा.

औषधांच्या पेटीत कमी गोष्टी न्या, पण मोजून न्या. पॅरासिटामॉल हे मुख्य औषध, आणि गोंधळ त्यातच होतो, कारण आपल्याकडे ते तीन ताकदींत मिळतं: थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, साध्या सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० आणि ‘डीएस’ सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये २५०. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. तुमचा मुलगा तेव्हा नऊ किलोचा धरला तर ९० ते १३५ मिलिग्रॅम, म्हणजे थेंबांचं सुमारे एक मिलिलिटर किंवा साध्या सिरपचे साधारण ५ मिलिलिटर. आता कल्पना करा, रात्री दोन वाजता कोणी तरी थेंबांची बाटली सिरप समजून ५ मिलिलिटर पाजली. ५०० मिलिग्रॅम, जवळपास चौपट. म्हणून दोघांसाठी एकाच ताकदीची बाटली न्या, साधं १२० चं सिरप. मुलीला त्याचे साडेसहा ते दहा मिलिलिटर बसतात. डॉक्टरांकडून आकडे पक्के करून घ्या, बाटलीवर चिकटपट्टी लावून दोन्ही नावांपुढे लिहा आणि चमच्याऐवजी खुणा असलेली सिरिंज वापरा. दोन डोसांत निदान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. दिलेली वेळ कागदावर टिपा, नाहीतर आईनं एकदा, आजीनं एकदा असं होतं.

आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड घरीच ठेवा. पुण्यात ताप चढला की ही सर्रास दिली जातात, पण डेंग्यूच्या भागात ताप डेंग्यूचा नाही हे कळेपर्यंत ती द्यायची नाहीत, रक्तस्रावाचा धोका वाढतो. नोव्हेंबरच्या आसपास बालीत पाऊस सुरू होतो आणि डासही. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही. डीईईटी असलेलं डासरोधक मलम दोन महिन्यांनंतर चालतं, मुलांसाठी ३० टक्क्यांच्या आतलं. आपल्या हातावर घेऊन त्यांना लावा. मुलांच्या तळहातांना, डोळ्यांजवळ, तोंडाजवळ आणि जखमेवर नाही. निलगिरी-लिंबू तेलाची नैसर्गिक म्हणून विकली जाणारी मलमं तीन वर्षांखाली चालत नाहीत. आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर डासांचं मलम. सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा, पाण्यातून आल्यावर लगेच. बाली विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंशांवर आहे. दहा ते तीन मुलांना सावलीतच ठेवा.

जुलाबांसाठी ओआरएसच्या दहा पुड्या न्या, पण कोणत्या ते बघून. मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची, एक लिटर पाण्यासाठी. छोटी चार-सव्वाचार ग्रॅमची, २०० मिलिलिटरसाठी. मोठी पुडी पेल्याभर पाण्यात ढवळली तर मीठ पाचपट होतं आणि मूल अधिक बिघडतं. अर्धी पुडी टाकून उरलेली गुंडाळून ठेवणं हीही चूकच, कारण क्षार तळाशी बसलेले असतात आणि अर्ध्यात काय आलं ते कळत नाही. प्रवासात २०० च्याच पुड्या बऱ्या. तिथे संपल्या तर ‘अपोतेक’ अशी पाटी असलेल्या औषधांच्या दुकानात ‘ओरालित’ मागा, तीही २०० मिलिलिटरची असते. खोक्यातली गोड पेयं ओआरएस नव्हेत. सूत्रात न बसणाऱ्या पेयांना ते नाव लावायला ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मनाई केली. कपाटात जुनं खोकं असेल तर तेवढ्यासाठी बरोबर घेऊ नका.

प्रत्येक पातळ शी झाल्यावर मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, मुलीला १०० ते २००. पेल्यानं घटाघटा नाही, चमच्याचमच्यानं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश सुरू करा. इथे बहुतेक पालक ‘पोटात ठरतच नाही’ म्हणून सोडून देतात. मिनिटाला एक चमचा दिला तर बरंचसं ठरतं. अंगावरचं दूध चालूच ठेवा. झिंक दोघांनाही दिवसाला २० मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण. जुलाब बांधणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना द्यायच्या नाहीत. सहा-आठ तास लघवी नाही, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेले, मूल मलूल पडलं, शीमध्ये रक्त किंवा उलटी हिरवी, यांतलं काहीही दिसलं तर पुढचा चमचा देत देतच दवाखाना गाठा.

खाण्याचं एवढं अवघड नाही. समोर शिजलेलं, वाफ निघणारं चालेल. मांडून ठेवलेलं, चिरलेली फळं, बर्फ आणि कोशिंबिरी नाहीत. बंद बाटलीचं पाणी, दात घासायलाही तेच, आणि आंघोळीच्या वेळी मुलीच्या तोंडात नळाचं पाणी जाणार नाही एवढं बघा. मुलाला डब्याचं दूध देत असाल तर पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ते ७० अंशांच्या खाली जायच्या आधी त्यात पावडर घाला. पावडर निर्जंतुक नसते, गरम पाणी जंतू मारायलाच हवं असतं. मग मनगटावर थेंब टाकून कोमट झालंय हे बघूनच पाजा. बाळासाठी नाचणीसत्त्व, भाजून दळलेली तांदूळ-मुगाची पेज, मेतकूट न्या, खोलीतल्या किटलीवर भागतं. शेंगदाणा बाळानं घरी कधी खाल्ला नसेल तर पहिली चव तिथे देऊ नका. इंडोनेशियाच्या पाककृतींत दाण्याचा रस्सा सगळीकडे असतो. रांबुतान, लोंगान, सालक ही तिथली फळं मुलीला बी काढून, तुकडे करून. अख्खी गोल फळं घशात बसतात.

आणि एक दिवाळीचं. अनारसे आणि खसखस घातलेले डिंकाचे लाडू घेऊन सिंगापूरला उतरू नका. खसखस अफूच्या झाडाची म्हणून तिथे निषिद्ध आहे, आणि संयुक्त अरब अमिरातीतही. चकल्या, शंकरपाळे खुशाल न्या.

खोलीत पोचलात की सामान उघडायच्या आधी एकानं गुडघ्यांवर बसून बाळाच्या उंचीवरून खोली फिरायची. पलंगाखाली आधीच्या पाहुण्याची गोळी, नाणं, बटनासारखी बॅटरी, टेबलावरून लोंबणारी किटलीची वायर, सज्जाच्या कठड्यातून डोकं जाईल अशी फट, कठड्याला टेकलेली खुर्ची: हे सगळं उभ्यानं दिसत नाही. हॉटेलचा पाळणा आला तर गादी कडक आहे का आणि कडेला दोन बोटांपेक्षा जास्त फट नाही ना, हे बघा. आत उशी नाही. बालीचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे, पहिले दोन दिवस मुलं रात्री उशिरापर्यंत जागी राहतील. भांडू नका, सकाळचे कार्यक्रम ठेवू नका.

कागदपत्रांत मुलाचा पासपोर्ट निघाला नसेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आजच घ्या, अर्जावर दोघा पालकांची संमती लागते. विमा घेताना बाळाच्या वयाची अट आणि रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च, या दोन ओळी आधी वाचा. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावानं लिहून घ्या. पासपोर्ट हरवला तर भारताचा वाणिज्य दूतावास देनपसारमध्येच आहे. रोज सकाळी निघताना मुलीचा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांतला, आणि तिच्या मनगटावर तुमचा तिथे चालणारा नंबर लिहा.

घरी परतल्यावर चौदा दिवसांत कोणालाही ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘आम्ही बालीहून आलोय’ हे सांगा. डेंग्यू डास चावल्यापासून चार ते दहा दिवसांनी डोकं वर काढतो, आणि धोक्याचा काळ ताप उतरताना येतो. ताप गेला पण पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार पडलेत, हिरड्यांतून रक्त येतंय, तर ‘आता उतरतोय’ म्हणून घरी थांबू नका.